नवशिक्याचा गाभा

७ जानेवारी

समितीचं पत्र आलं. वीस फेब्रुवारीला येणार, तिघं. अध्यक्षबाई निवृत्त आहेत आणि माणूस म्हणून बऱ्या आहेत. दुसरे खाणखात्याचे अधिकारी, त्यांच्या लेखी दगड म्हणजे खडी. तिसरा शंकासुर. त्याचं नाव वाचलं आणि पत्र घडी करून बाजूला ठेवलं.

शंकासुर हा भूगर्भवाला. हे नाव त्याला आमच्या दगडांची चित्रं काढणाऱ्या चित्रकारबाईने ठेवलं. गेल्या वर्षी परिषदेत माझं बोलणं संपल्यावर तो उठला आणि एवढंच म्हणाला, "बाई, नदीलाही हात असतात." सगळं सभागृह हसलं. मीही हसले. घरी येऊन दोन दिवस घास उतरला नाही.

भांडण साधंच आहे. नदीच्या वळणावर वाळू-खडीची खाण आहे. तिच्या भिंतीतला चौथा थर दहा लाख वर्षांहून जुना. त्यात आम्हाला चाळीस फुटके दगड मिळाले. मी म्हणते, कुणीतरी एका हातात गोटा धरून दुसऱ्या हातातल्या दगडाने ते फोडलेत, धारदार छिलके, म्हणजे कपच्या, काढायला. शंकासुर म्हणतो, पुरात दगडावर दगड आपटला की असंच होतं. समितीला माझं पटलं तर वळण राखून ठेवतील आणि आम्ही खणत राहू. नाही पटलं तर एक मार्चला खडी फोडणारा क्रशर वळणाकडे सरकेल आणि चौथा थर कुठल्यातरी रस्त्याखाली जाईल.

छिलके काढून उरतो त्या दगडाला आम्ही गाभा म्हणतो. चाळीस गाभ्यांतले नऊ सुरेख आहेत. एकतीस बावळट. नऊ माझ्या बाजूने बोलतात, एकतीस त्याच्या. म्हणून त्या एकतिसांसाठी मी एक कर्ता उभा केलाय, नवशिका. एक उस्ताद, एक शिकाऊ. लेखही तसाच लिहून ठेवलाय.

पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, 'दगड फोडण्याचे प्रात्यक्षिक आपण स्वतः दाखवावे.' सत्तावीस वर्षं दगड फोडतेय मी. भ्यायचं काही कारण नाही. तरी ती ओळ चारदा वाचली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय.

१० जानेवारी

प्रयोगशाळेमागच्या शेडमध्ये सराव. पाच गोटे घेतले, दोन नीट फुटले. बाकीच्या तिन्हींवर घाव कडेवर पडायचा तो अलीकडेच पडला. कड नुसती चेचली. दगड खराब आलेत या वेळी. आणून देणाऱ्याला फोन करून झापलं. तो म्हणाला, "बाई, दगड तोच आहे हो, त्याच ओढ्यातला." तोंडाळ आहे मेला.

सरावाचे तुकडे गोळा करून एकेकावर शाईने तारीख घातली. आमच्या धंद्यातला हा कडक नियम आहे. आपले तुकडे बेवारस पडले तर उद्या कुणीतरी ते आदिमानवाचे म्हणून छापायचा.

तारीख लिहिताना पेन ओढत होतं. अक्षर मुंगीएवढं आलं. नवं पेन आणायला हवं.

१४ जानेवारी

चष्मेवाल्याकडून डोळे तपासून घेतले. चष्मेवाला म्हणजे माझा नवरा. घराखालीच दुकान आहे त्याचं. (आणि चष्मेवाल्या, ही वही तू वाचत असशील तर आत्ताच मिट.)

"डोळे ठणठणीत आहेत," म्हणाला. "नंबरसुद्धा हललेला नाही."

"मग घाव चुकतो कसा?"

"ते डोळ्यांना कशाला विचारतेस?"

दुकानाच्या वहीत सही केली. त्याने दोन वर्षांपूर्वीचं पान काढलं, जुनी सही नव्या सहीशेजारी धरली आणि बघत बसला. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणे, "काही नाही. चहा घेतेस?" वय झालं की माणसं अशी मधेच हरवतात.

१९ जानेवारी

एक खुसपट निघालंय आणि ते शंकासुराच्या आधी मला सापडलं, एवढंच नशीब.

नऊ सुरेख गाभे वळणावरच्या भरड दगडाचे आहेत. जिथे बसले तिथला उचलला आणि फोडला. एकतीस बावळट गाभे मात्र काळ्या, बारीक पोताच्या दगडाचे. तो दगड वळणावर मिळत नाही. नदीच्या वरच्या अंगाला दोन तास चालत जावं लागतं त्यासाठी. म्हणजे सगळ्यात चांगला माल लांबून वाहून आणला आणि दिला कुणाच्या हातात, तर ज्याला घाव घालता येत नाही त्याच्या!

कुठल्या शिंप्याने शिकाऊ पोराला पहिल्याच दिवशी रेशीम कापायला दिलंय? नवशिक्याला चिंध्या देतात. शंकासुर हेच विचारणार.

दुपारभर काळा दगड समोर ठेवून बसले. समिती गेली खड्ड्यात म्हणावं असं वाटतं, पण खड्डाच तर त्यांच्या हातात आहे.

२३ जानेवारी

दूध जळलं. मी ओट्यापाशीच उभी होते, लेखाचा विचार करत. चष्मेवाला दुकानातून जिना चढून धावत आला, गॅस बंद केला. पातेलं काळं ठिक्कर.

"वास नाही आला तुला?"

"सर्दी झालीय."

"दोन वर्षं?"

असतात काही सर्द्या चिवट. त्याने पातेलं घासायला घेतलं. हल्ली मला न विचारता कामं करतो. सकाळी माझ्या स्वेटरची बटणंसुद्धा लावायला आला. मी म्हटलं, कुक्कुलं बाळ आहे का मी?

२८ जानेवारी

लिहायचं नव्हतं, पण दुसरं सांगू कुणाला.

उजवा हात मांडीवर ठेवला की अंगठा आपला आपणच हलतो. तर्जनीवर घासत राहतो, तपकिरीची चिमूट चोळावी तसा. कामात असताना नाही. हात रिकामा पडला की सुरू. आज चित्रकारबाईसमोर बसले होते तेव्हा सुरू झाला. मी झटकन हात मांडीखाली घातला. सव्वीस वर्षं ती माझ्याशेजारी बसून दगड काढतेय, दगडावरचा केसाएवढा ओरखडा तिच्या नजरेतून सुटत नाही.

"थंडी वाजतेय?" तिने विचारलं.

"चहा जास्त झाला सकाळपासून."

"बरं," म्हणाली आणि पेन्सिलीला टोक करत बसली. टोक होतंच.

उद्यापासून चहा बंद.

२ फेब्रुवारी

अकरा गोटे. एकही धड नाही.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना ऐकवली. आज शेडमध्ये मी दगड बदलला, बसायचं स्टूल बदललं, खिडकी लावली, उघडली, ठोकायचा दगड बदलला. घाव कुठे घालायचा ते दिसतंय. कड कुठे पातळ आहे, कोन किती आहे, सगळं माहीत आहे. हात तिथे पोचतच नाही. थोडा अलीकडे थांबतो, उशिरा. मग पुन्हा तिथेच. पुन्हा तिथेच. शेवटच्या गोट्यावर सात वेळा एकाच जागी मारलं आणि रडायला आलं.

मला भीती वाटतेय. समितीची नाही. समितीची वाटते असं म्हणायला सोपं आहे, म्हणून तसं म्हणते.

तारखा घातल्या, तुकडे ट्रेमध्ये टाकले, हात धुतले, घरी आले. "कसा झाला सराव?" चष्मेवाल्याने विचारलं. "मस्त," म्हटलं.

६ फेब्रुवारी

आज जे झालं ते सगळं लिहून ठेवते.

चित्रकारबाईने चौथ्या थरातल्या गाभ्यांची चित्रं पूर्ण केली. आमच्या चित्रांत रंग नसतो. दगड जुना की ताजा, गुळगुळीत की खरबरीत, काही कळत नाही. घावांच्या कडा असतात आणि घाव कुठल्या दिशेने आला ते दाखवणारा बाण. मी म्हटलं, चित्रांखालचे दगडांचे आकडे झाक, मी नुसत्या चित्रांवरून निवडते. उस्ताद, नवशिका आणि नदी, अशा तीन थप्प्या. म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की बाईंनी मनातलं वाचलं.

छान चाललं होतं. बऱ्याच दिवसांनी मजा येत होती. मी बोलत होते, ती लिहून घेत होती. तेविसावं चित्र समोर आलं आणि मला हसूच फुटलं.

"हा बघ, हाच आपला नवशिका! अगदी अर्क. कड बरोब्बर निवडलीय, दगड वळवलाय बरोबर, आणि घाव बघ. एकाच जागी सात! रडकुंडीला आलं असणार गाढव. ह्याला कुणीतरी सांगायला हवं होतं, बाबा रे, सोड, तुझ्याच्याने होणार नाही. लिही, नवशिका."

तिने लिहिलं नाही.

"लिही ना."

"थांब, दगडच आणते," म्हणाली. आतून आणला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

ताजा होता. कडांना नदीची झिलई नाही, नुकता फुटलेला काळा दगड. उलटा केला. तळाशी माझी शाई, २ फेब्रुवारी.

मग तिच्यावर ओरडले. सरावाचा दगड चौथ्या थराच्या चित्रांत? लाज नाही वाटत? सव्वीस वर्षांत तुझी अशी चूक झाली नाही आणि समिती दोन आठवड्यांवर आली असताना? तिने सगळं ऐकून घेतलं. मान खाली.

"चुकलं," म्हणाली. "तारीख वाचता नाही आली. फार बारीक झालंय तुझं अक्षर."

७ फेब्रुवारी

गेले नाही कामावर. सोड, तुझ्याच्याने होणार नाही. हे मीच म्हटलं ना?

९ फेब्रुवारी

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

नवशिक्याला कोन कळत नाही. मी शेकडो विद्यार्थी बसवलेत गोट्यांपुढे. नवशिका जाड कडेवर मारतो, जोर भरपूर, अक्कल शून्य. दगड वळवायचा कधी हे त्याला शेवटपर्यंत उमगत नाही. त्या एकतीस गाभ्यांत मात्र जागा दर वेळी बरोबर आहे. कोन बरोबर. दगड वळवायची वेळ बरोबर. फक्त घाव पोचत नाही, आणि पोचत नाही म्हणून पुन्हा तिथेच, पुन्हा तिथेच.

हे शिकणाऱ्याचं काम नाही. हे येणाऱ्याचं काम आहे, ज्याचा हात निकामी होत चाललाय.

म्हणून चांगला दगड. त्यांनी वाया नाही घालवला तो. सहज फुटेल असा दगड शोधायला कुणीतरी दोन तास चाललं, परत दोन तास, आणि आणून त्याच्या किंवा तिच्या पुढ्यात ठेवला.

आम्ही पुरातत्त्ववाले साध्या दगडाला साधं डोकं चिकटवतो. बावळट गाभा दिसला की बावळट माणूस लिहून मोकळे. मीही तेच केलं. तोच लेख छापायला पाठवणार होते.

पण हे मी दगडात वाचलं की आरशात? हीच भीती आता दुसऱ्या बाजूने. उद्या शंकासुर म्हणेल, बाईंना आपलं दुखणं दहा लाख वर्षांपूर्वीच्या माणसाला लावायचंय. आणि दुखणं कसलं? मला काही झालेलं नाही अजून. म्हणजे कुणी सांगितलेलं नाही.

११ फेब्रुवारी

सरावाच्या तुकड्यांचे खण उघडले. सत्तावीस वर्षांचे आहेत, तारीखवार. शेवटच्या चार वर्षांचे टेबलावर ओळीने मांडले.

चार वर्षांपूर्वीचे गाभे बघून कुणालाही हेवा वाटावा. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यापर्यंत ठीक. मग एखादा चुकार घाव. मग दोन. गेल्या वर्षीपासून कडा चेचलेल्या. आणि त्यांच्यावरच्या तारखा, पहिल्यांदा ठसठशीत, मग बारीक, मग आणखी बारीक. शेवटच्या ओळीत तर भिंग लागलं.

पेनाचा दोष नव्हता.

तीन वर्षं हे खणात पडून होतं. मी स्वतः तारखा घातल्या, स्वतः बंद केले खण. माझ्यासारखी दगड वाचणारी बाई या देशात दुसरी नाही असं म्हणतात लोक. धन्य.

पुरावा हवा असेल तर हाच आहे. चौथ्या थराशेजारी हे ठेवलं की वळण वाचेल. पण मग हे कुणाचे, ते सांगावं लागेल. सगळ्यांदेखत. ज्या बाईचा हात गेला तिला कुणी दगड हाताळू देतं का? विद्यार्थी देतं का? 'विश्रांती घ्या' म्हणतील गोड आवाजात.

१५ फेब्रुवारी

शंकासुराला फोन केला. त्याच्याकडे पुरात फुटलेल्या दगडांचा मोठा साठा आहे, त्याने स्वतः धबधब्याखालून वेचलेला. म्हटलं, वीस दगड द्या, माझ्या दगडांसोबत चित्रं काढून घेते, मग तुम्हीच निवडा. वाटलं होतं आढेवेढे घेईल. "संध्याकाळपर्यंत पाठवतो," म्हणाला. "वाईटातले वाईट पाठवू की फसवणारे?" मी म्हटलं, फसवणारे.

चित्रकारबाई चार दिवसांत वीस नदीचे आणि दहा माझे काढून देणार आहे. माझे कुठल्या तारखेचे, का, काही विचारलं नाही. तिच्या त्या चुकीबद्दल मी मनातून माफ केलंय तिला. माणूस आहे, होतं.

चष्मेवाला म्हणाला, चार मार्चला डॉक्टरांची वेळ घेतलीय. कुणासाठी, विचारलं. "दोघांसाठी," म्हणाला. म्हटलं, समिती होऊ दे.

२० फेब्रुवारी

झालं एकदाचं.

प्रात्यक्षिक आधी. शेडमध्ये चार खुर्च्या. अध्यक्षबाईंनी शाल गुंडाळलेली, अधिकारी घड्याळ बघतायत, शंकासुर पुढे वाकून. चित्रकारबाई दाराशी. काळा गोटा डाव्या हातात घेतला, जागा बघितली, मारलं. अलीकडे पडला. पुन्हा. अलीकडे. तिसऱ्यांदा ठोकायचा दगड हातातून निसटून अधिकाऱ्यांच्या बुटापाशी गेला. त्यांनी उचलून दिला. "थोडं थांबायचं का?" अध्यक्षबाई म्हणाल्या. असा गोड आवाज! तोच, ज्याची भीती होती.

चौथा घाव घातला. चुकला. मग मी दगड खाली ठेवला आणि हात मांडीवर. अंगठा सुरू झाला. या वेळी लपवला नाही.

"माझा हात निकामी होत चाललाय," म्हटलं. "बहुतेक तीन वर्षांपासून. मला आत्ता कळलं. फोडता येतं मला, हात ऐकत नाही. तुम्ही आत्ता बघितलंत ना, तेच मला तुम्हाला दाखवायचं होतं." हे शेवटचं वाक्य खोटं. दाखवायचं नव्हतं. अगदी शेवटपर्यंत वाटत होतं की निदान एक तरी नीट फुटेल.

अधिकाऱ्यांनी घड्याळ बघणं थांबवलं.

टेबलावर चित्रं मांडलेली होती. आकडे झाकलेले. चौथ्या थरातले एकतीस, त्याचे वीस, माझे दहा. शंकासुराला म्हटलं, बसा, निवडा. बराच वेळ घेतला त्याने. चष्मा काढला, पुसला, घातला. नदीचे वीस बाजूला काढले. त्यातला एक चुकला, एकोणीस बरोबर. मग उरलेल्यांवर बसला. माझे वेगळे काढायला सुरुवात केली, काढले, परत मिसळले, परत काढले. चित्रकारबाईने झाकण काढलं तेव्हा त्याच्या 'बाईंचे' म्हणून काढलेल्या दहांत सात चौथ्या थरातले होते.

"बाई," तो म्हणाला, "तुम्हाला तुमचं दुखणं दिसतंय त्यात."

"दिसतंय. म्हणून तर तुम्हाला निवडायला बसवलं. मला आता माझा भरवसा नाही."

तो उठून चित्रांभोवती एक फेरी मारून आला. मग अध्यक्षबाईंकडे वळून म्हणाला, "नदी नाही. कोण, कशाने, म्हातारा की आजारी, ते मी नाही सांगणार. ती यांची गोष्ट. पण नदी जागा निवडत नाही. लिहून घ्या माझ्या नावाने."

जाताना माझ्यापाशी थांबला. काहीतरी बोलणार होता, मग नुसता म्हणाला, "तो एक दगड मला फसवून गेला हां." आणि गेला.

आणि आता माझी खरी फजिती. चष्मेवाल्याला सांगायच्या आधी मी हे शंकासुराला सांगितलं, खाणखात्याला सांगितलं. नवऱ्यालाच नाही. घरी आले तेव्हा तो भिंगं पुसत होता. "कसं झालं?" "वळण वाचेल बहुतेक." "आणि?" "आणि काही नाही," म्हटलं. का म्हटलं असं?

२६ फेब्रुवारी

पत्र. वळण तीन वर्षांसाठी राखीव. क्रशर पलीकडच्या अंगाला हलवणार. चित्रकारबाईने मला मिठी मारली, ती कधी कुणाला मारत नाही. मी हसले, सगळ्यांशी बोलले, नळाखाली जाऊन तोंड धुतलं. तीन वर्षं! तीन वर्षांत माझं काय होईल याचा हिशेब मांडत होते.

४ मार्च

डॉक्टरीण तरुण आहे. एक ओळ लिहायला सांगितली, गोगलगायीच्या शंखासारखी गोल गोल रेघ काढायला सांगितली, बोटं उघडझाप करायला, दारापर्यंत चालून यायला. मी दगड वाचते तसंच ती मला वाचत होती. तिच्या तोंडाकडे बघून मला निदान आधीच कळलं. कंपवात.

गोळ्या आहेत, व्यायाम आहे, बरीच वर्षं चांगली जातात म्हणाली. चष्मेवाल्याने सगळं लिहून घेतलं, ठसठशीत अक्षरात. बसमध्ये म्हणाला, "बोल ना काहीतरी." मी म्हटलं, "तिच्या टेबलावरचा तो गुळगुळीत गोटा बघितलास? नदीचा आहे." तो खिडकीबाहेर बघत बसला.

१७ एप्रिल

(अक्षर माझं, शब्द तिचे. आज सकाळपासून खाणीवर होती, आता पेन धरवत नाही. वही स्वतः आणून माझ्यापुढे ठेवली. चष्मेवाला.)

लिही. चौथ्या थरात आज खणायचा नवा चौकोन पूर्ण केला. मी कडेला बसून सांगत होते, चित्रकारबाई ब्रशने माती काढत होती. एकतीस जिथे मिळाले तिथून हातभर अंतरावर एक गोटा निघाला. काळा, बारीक पोताचा. आत्तापर्यंतच्या सगळ्यांत चांगला. दोन तास चालून आणलेला. आजूबाजूला छिलके नाहीत, चुरा नाही.

चित्रकारबाईने तो सगळ्या बाजूंनी फिरवला. भिंगाखाली धरला. "बाण कुठे काढू?" म्हणाली.

एकही घाव नव्हता त्यावर.

"मग नोंदीत काय लिहायचं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "लिही, आणून दिलेला." तिने लिहिलं. शंकासुर यालाही हरकत घेईल. त्याचं बरोबरही असेल. न फोडलेल्या दगडावरून काय सिद्ध होतं? काहीच नाही.

(इथे मी पेनाला टोपण लावलं. मी विचारलं, झालं का? तर म्हणाली, नाही, पुढे लिही.)

मला भीती वाटते. जानेवारीपासून या वहीत लिहितेय, तुला मात्र दर वेळी 'मस्त', 'काही नाही' म्हणत आले. उद्या बटण लागणार नाही, परवा घास धरता येणार नाही, एक दिवस हे असं बोलणंसुद्धा जमणार नाही, याची भीती वाटते. फार वाटते. लिहिलंस?

(लिहिलं. पुढचं तिने सांगितलेलं नाही, माझं आहे. मलाही.)